दुसऱ्या रिचार्जचा हिशेब

अकोल्याहून (जि. अहिल्यानगर) एका दुकानदाराचं पत्र आलं आहे. ते लिहितात:

"बाजारपेठेत बारा वर्षांपासून मोबाईल दुरुस्ती आणि रिचार्जचं दुकान आहे. पूर्वी दिवसाला साठ-सत्तर रिचार्ज मारायचो, आता वीस-पंचवीसवर आलोय. लोक घरबसल्या फोनवरूनच करतात. सध्या एका कंपनीचे साहेब मागे लागलेत. 'आमची कंपनी सगळ्यात जोरात वाढतेय, तालुक्यातली साठ दुकानं तुम्ही सांभाळा, सब-डिस्ट्रिब्युटर व्हा,' म्हणतात. दोन लाख गुंतवायचे आणि महिन्याला १५० नवी सिम काढायची. याआधी एक कंपनी बंद पडली तेव्हा माझे चाळीस हजार अडकले, ते आजवर आले नाहीत. ही कंपनी खरंच वाढतेय का, टिकेल का, मी पैसे घालावेत का? पंधरा दिवसांत कळवायचंय."

नमस्कार,

आधी उत्तर, मग कारणं. पत्रात दिलेल्या अटींवर दोन लाख घालू नका. कंपनी वाढत असेलही. पण तिची वाढ वेगळी आणि तुमच्या गल्ल्यात पडणारा पैसा वेगळा. साहेब पहिलीचे आकडे दाखवून दुसऱ्याचं आश्वासन देत आहेत. अटी बदलल्या तर उत्तरही बदलू शकतं. कोणत्या अटी, ते पुढे येईलच.

मोबाईल कंपनी वाढली असं म्हणतात तेव्हा तीनपैकी एक काहीतरी घडलेलं असतं. विकलेल्या सिमांची संख्या वाढते, किंवा खरोखर चालू असलेली सिम वाढतात, किंवा दर ग्राहकामागे महिन्याला मिळणारे पैसे वाढतात. या तिसऱ्याला कंपन्या 'आरपू' म्हणतात. जाहिरातीत पहिला आकडा येतो, धंदा तिसऱ्यावर चालतो, आणि दुकानदाराचं पोट दुसऱ्यावर अवलंबून असतं.

गेल्या काही वर्षांत हे सगळं तुमच्या काउंटरवरूनच गेलेलं आहे. जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली, ३१ मार्च २०१७ पर्यंत फुकट होती, आणि पहिल्या १७० दिवसांत १० कोटी ग्राहक झाले. इतकी झपाट्याची वाढ देशात आधी कोणी पाहिली नव्हती. पण त्यातली कितीतरी सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत बसली होती. नंतरच्या वर्षांत, २०२० च्या सुमारास, ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, आकड्यांत जिओच्या दर पाच सिमांमागे साधारण एक झोपलेलं दिसायचं. त्याच काळात एअरटेलची जवळजवळ सगळी सिम चालू असायची. मग डिसेंबर २०२१ मध्ये जिओची ग्राहकसंख्या एका महिन्यात सुमारे १ कोटी २९ लाखांनी खाली आली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं, कंपनीला उतरती कळा लागली. प्रत्यक्षात न वापरलेली सिम यादीतून निघाली होती आणि त्याच सुमारास दरही वाढले होते. दर ग्राहकामागचं उत्पन्न सप्टेंबर २०२१ च्या तिमाहीत १४३ रुपये ६० पैसे होतं, डिसेंबरच्या तिमाहीत १५१ रुपये ६० पैसे झालं आणि मार्च २०२२ च्या तिमाहीत १६७ रुपये ६० पैसे. माणसं घटली, धंदा वाढला.

एअरटेलने हेच २०१८ च्या अखेरीस जाणूनबुजून केलं. किमान ३५ रुपयांचा रिचार्ज सक्तीचा केला. नुसतं इनकमिंगसाठी सिम ठेवणारे आणि मिस्ड कॉल देणारे गळाले, आणि एका तिमाहीत ३३ कोटींवरून ग्राहक २८ कोटींच्या आसपास आले. पण जे राहिले ते पैसे देणारे राहिले. दर ग्राहकामागचं उत्पन्न त्या तिमाहीत १०४ रुपये होतं, पुढच्या तिमाहीत १२३ रुपये झालं.

जुलै २०२४ ची दरवाढ तर तुम्हाला आठवतच असेल. तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले आणि बीएसएनएलच्या सिमसाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. जुलैमध्ये बीएसएनएलचे ग्राहक सुमारे २९ लाखांनी वाढले, ऑगस्टमध्ये सुमारे २५ लाखांनी. नोव्हेंबरमध्ये मात्र आकडा पुन्हा घटायला लागला. आता नियम आठवा. पोर्ट केलेला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदललेला, नंबर ९० दिवस दुसरीकडे हलवता येत नाही. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये गेलेले लोक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोकळे झाले. स्वस्त दर पाहून माणूस जातो, पण शेतात रेंज मिळाली नाही की परत येतो. दुसऱ्या बाजूला जिओने जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत दीड कोटीहून जास्त ग्राहक गमावले, आणि दर ग्राहकामागचं उत्पन्न १८१ रुपये ७० पैशांवरून आधी १९५ रुपये १० पैसे आणि मग २०३ रुपये ३० पैशांवर गेलं.

म्हणून तुम्ही मोजायची गोष्ट एकच आहे: दुसरा रिचार्ज. पहिला रिचार्ज, ज्याला आपण एफआरसी म्हणतो, तो स्कीमचा असतो. कधी तो दुकानदाराच्या खिशातून जातो, कधी टार्गेटच्या धाकाने मारलेला असतो. अठ्ठावीस दिवसांचा प्लॅन संपल्यावर २९ व्या दिवशी ग्राहक स्वतःच्या पैशाने पुन्हा मारतो का, ५७ व्या दिवशी मारतो का, आणि ९० दिवसांची अट सुटल्यावर टिकतो का, यावरून कंपनी तुमच्या तालुक्यात रुजतेय की नुसती पसरतेय ते कळतं.

साहेबांच्या बोलण्यावर न जाता हे तपासता येतं. ट्रायचा मासिक अहवाल फुकट मिळतो. त्यात देशाचा आकडा पाहू नका, महाराष्ट्र सर्कलचा पाहा. हे सर्कल म्हणजे मुंबई वगळून महाराष्ट्र आणि सोबत गोवा. अकोलं त्यातच मोडतं. एकूण ग्राहकांच्या शेजारी चालू ग्राहकांचा तक्ता असतो, त्याला 'व्हीएलआर' म्हणतात. त्या काळात नेटवर्कवर प्रत्यक्ष हजर असलेली सिम त्यात मोजलेली असतात. एकूण वाढतंय आणि चालू तिथेच आहे, असं सलग तीन महिने दिसलं तर ती वाढ टार्गेटची आहे असं समजा. एका महिन्यावरून निष्कर्ष काढू नका, कारण दरवाढीच्या किंवा फुकट स्कीमच्या महिन्यात आकडे उसळतात.

पण सर्कल मोठं असतं, तालुका लहान. म्हणून साहेबांना थेट विचारा: अकोले तालुक्यात तुमच्या कंपनीचे गेल्या सहा महिन्यांत महिन्याला किती रिचार्ज झाले? सिम किती विकली, हे नाही. धंद्याच्या भाषेत ही 'टर्शरी' म्हणजे शेवटच्या ग्राहकापर्यंत पोहोचलेली विक्री. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला दिलेला माल 'प्रायमरी', डिस्ट्रिब्युटरने दुकानाला दिलेला 'सेकंडरी'. महिनाअखेरीला प्रायमरी आणि सेकंडरी फुगवता येतात, तुमच्या लापूत, म्हणजे दुकानाच्या रिचार्ज खात्यात, बॅलन्स ढकलला की झालं. टर्शरी फुगवणं अवघड. आणि दुकानावरून झालेले रिचार्ज किती, ग्राहकाने स्वतःच्या अॅपवरून केलेले किती, हेही वेगळं मागा. कंपनी वाढत असेल पण तिचे बहुतेक रिचार्ज अॅपवरून होत असतील, तर त्या वाढीत तुमचा वाटा शून्य आहे. साहेबांकडे हा आकडा असतो. ते द्यायला टाळाटाळ करत असतील तर तेही एक उत्तरच आहे.

आता रेंज. अकोल्यासारख्या डोंगरी तालुक्यात कंपनी टिकते की नाही हे सगळ्यात जास्त टॉवरवर ठरतं, आणि टॉवरपेक्षाही कोणत्या लहरींवर तो चालतो यावर. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात, झाडीतूनही बऱ्यापैकी निघतात. २३०० आणि त्याहून वरच्या, ३३०० ते ३६०० च्या ५जीच्या लहरी वेग जास्त देतात, पण टेकडीची कड आडवी आली की तिथेच थांबतात. म्हणून बाजारपेठेत ५जीचा वेग पाहून भुलू नका. तुमचे ग्राहक राजूर, कोतूळ, समशेरपूरच्या बाजूला वाडीवस्तीवर राहतात. प्रवरेच्या खोऱ्यात मिळणारी रेंज मुळेच्या खोऱ्यात मिळेलच असं नाही, कारण मधे डोंगर आहे. एका खोऱ्याचा टॉवर दुसऱ्याच्या कामाचा नसतो.

तपासणी अशी करा. दोन सिमांचा एक साधा अँड्रॉइड फोन घ्या. एका खाचेत या कंपनीचं सिम, दुसऱ्यात सध्या तुमच्याकडे सगळ्यात जास्त रिचार्ज ज्या कंपनीचे होतात तिचं. डायलरवर *#*#४६३६#*#* दाबा. बऱ्याच फोनांत फोनची माहिती उघडते आणि तिथे सिग्नल उणे आकड्यांत दिसतो. उणे ८० ते ९० म्हणजे उत्तम. उणे १०० ला काम चालतं. उणे ११० च्या पुढे घरात गेलं की बोलणं तुटायला लागतं, आणि उणे १२० ला फोन असून नसल्यासारखा. तुमचे ग्राहक येतात अशी दहा गावं निवडा आणि प्रत्येक ठिकाणी तीन जागी आकडा लिहा: रस्त्यावर, घराच्या आतल्या खोलीत, विहिरीजवळ किंवा शेतात. हे तीन वेळांना करा, सकाळी, संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, आणि एकदा गावात लाइट गेलेली असताना. संध्याकाळी सिग्नल तेवढाच असून नेट रांगत असेल तर टॉवरवर गर्दी आहे किंवा टॉवरला मागून जोडणारी लाइन अपुरी आहे. टॉवर फायबरने जोडलाय की डिशने, हा फरक इथे दिसतो. लाइट गेल्यावर तासाभरात रेंज गेली तर बॅटरी संपलेली आहे, आणि ती कोणी बदलत नाहीये. टॉवरची बॅटरी न बदलणं हे कंपनीच्या तब्येतीचं फार बोलकं लक्षण आहे. खर्च वाचवायला लागले की सगळ्यात आधी खेड्यातली देखभाल कमी होते. शक्य असेल तर ही फेरी पावसाळ्यात मारा. भंडारदऱ्याला, कळसूबाईला गर्दी असते त्या शनिवार-रविवारी वेग किती पडतो तेही कळेल.

दुरुस्तीचं दुकान असल्यामुळे तुमच्याकडे आणखी एक माहिती आहे जी साहेबांकडे नाही: लोकांच्या हातात कोणता फोन आहे. जिओकडे २जी नाही, तिथे फोन ४जीचा आणि व्होल्टीई (४जीवरूनच बोलण्याची सोय) चालणारा लागतो. जुन्या कीपॅडच्या फोनमध्ये ते सिम घातलं तर आजी-आजोबांचा फोन मुका होतो आणि दुसऱ्या दिवशी ते तुमच्या दारात उभे राहतात. दुसऱ्या बाजूने, जिओभारत हा ९९९ रुपयांत आलेला कीपॅड फोन फक्त जिओच्याच सिमवर चालतो. तो घेतलेला ग्राहक पोर्ट करून दुसरीकडे नेला तर नवा फोनही घ्यावा लागेल. बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. ज्या स्वस्त फोनात ७०० चा पट्टा नाही, तो टॉवरखाली उभा राहूनही अर्धंच नेटवर्क पकडेल. महिनाभर दुकानात आलेल्या प्रत्येक फोनचं मॉडेल वहीत लिहा. तीसपैकी दहा फोन या कंपनीला चालणारेच नसतील तर १५० सिमांचं टार्गेट कागदावरच राहणार.

आता दोन लाखांकडे येऊ. इथे थोडं बारकाईने पाहूया, कारण सगळा पेच इथेच आहे. कमिशनाचे खालचे दर आम्ही उदाहरणादाखल धरले आहेत, तुम्ही तिथे तुमच्या कागदावरचे दर घाला.

साठ दुकानं, प्रत्येकाची या कंपनीची रोजची विक्री सरासरी १,५०० रुपये धरा. म्हणजे रोज ९०,००० रुपयांचा बॅलन्स वाटायचा. दुकानदार रोख देत नाही, दोन दिवसांची उधारी मागतो. १,८०,००० रुपये उधारीतच फिरत राहिले. तुमचे दोन लाख इथे गेले. ते साहेबांकडे नसतात, साठ काउंटरांवर विखुरलेले असतात. सब-डिस्ट्रिब्युटरला अर्धा टक्का सुटतो असं धरलं तर दिवसाला ४५० रुपये, आणि महिन्याचे २६ दिवस धरून ११,७०० रुपये. साठ दुकानं फिरायला एक मुलगा लागतो. त्याचा पगार १२,००० आणि पेट्रोल ४,००० म्हणजे १६,००० रुपये. अजून सिमचं कमिशन धरलेलं नाही, पण नुसत्या रिचार्जवर तुम्ही महिन्याला ४,३०० रुपयांनी खड्ड्यात आहात. एक टक्का मिळाला तर २३,४०० येतात, १६,००० जातात, ७,४०० उरतात. त्यातून दोन लाखांचं व्याज वर्षाला बारा टक्क्यांनी, म्हणजे महिन्याला २,००० वजा केलं की राहिले ५,४००. यात एक जरी दुकानदार पंधरा हजार बुडवून गेला तर तीन महिन्यांची कमाई गेली. डोंगरी तालुक्यात दुकानं लांब लांब असतात, मुलगा दिवसाला वीसच्या वर दुकानं करू शकत नाही. म्हणजे प्रत्येक दुकानाकडे तो तीन दिवसांतून एकदा जाणार, आणि उधारी दोनाची तीन दिवसांवर जाणार. तीन दिवसांचे २,७०,०००. साहेबांनी सांगितलेले दोन लाख पुरणारच नाहीत. हे त्यांना माहीत असतं. पहिल्या दिवाळीला ते आणखी पन्नास-साठ हजार घाला म्हणतील.

मग कंपनी म्हणेल, पैसे सिममध्ये आहेत. तेही पाहू. समजा दर सिममागे १०० रुपये सांगितले. ते एकदम मिळत नाहीत. सोयीसाठी धरू की ४० रुपये सिम चालू झाल्यावर, ३० दुसऱ्या रिचार्जवर, ३० तिसऱ्यावर. साहेब म्हणतात १५० सिम म्हणजे १५,०००. पण दीडशेपैकी साठांनीच दुसरा रिचार्ज मारला आणि पंचेचाळीसांनी तिसरा, तर हिशेब असा होतो: ६,००० अधिक १,८०० अधिक १,३५० म्हणजे ९,१५० रुपये. त्यातून सिम विकणाऱ्या दुकानदाराचा वाटा जायचा, फुकट एफआरसीचा भार कोणाच्या डोक्यावर ते पाहायचं, आणि काही कंपन्यांत सिम लवकर बंद पडलं तर दिलेलं कमिशनही परत कापून घेतात. करारात हे कलम शोधाच. बहुतेक भांडणं तिथेच होतात.

टार्गेटमुळे आणखी एक संकट येतं, आणि ते पैशाच्या नुकसानीपेक्षा मोठं आहे. महिन्याची २५ तारीख उलटली, १५० पैकी ९० झाली, साहेबांचा फोन येतोय. अशा वेळी एखादा पोरगा ग्राहकाला म्हणतो, 'फोटो नीट आला नाही, अंगठा पुन्हा द्या,' आणि त्याच माणसाच्या नावावर दुसरं सिम चालू करून ठेवतो. असं सिम पुढे फसवणूक करणाऱ्यांच्या हाती जातं. १ डिसेंबर २०२३ पासून सिम विकणाऱ्या प्रत्येक जागेची नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे प्रत्येक सिमला विक्रेत्याची ओळख चिकटलेली असते. दूरसंचार कायदा २०२३ प्रमाणे फसवून सिम मिळवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम चालतात, आणि संचार साथी पोर्टलवर कोणालाही आपल्या नावावरची सिम पाहून तक्रार करता येते. साठ दुकानांतल्या साठ पोरांच्या हातून निघालेल्या सिमांची जोखीम सब-डिस्ट्रिब्युटरच्या दारात येते. बारा वर्षांची ओळख असलेल्या गावात अशी एक तक्रार पुरेशी असते.

पोर्टिंगचं टार्गेट दिलं तर काय सांभाळायचं तेही सांगून ठेवतो. ग्राहकाने PORT हा शब्द इंग्रजीत, एक जागा सोडून नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवायचा, की आठ अक्षर-अंकांचा कोड येतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. नंबर सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेला हवा, पोस्टपेड असेल तर बिल भरलेलं हवं, आणि सिम हरवून किंवा बिघडून बदललं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. ही अट जुलै २०२४ पासूनची आहे. एकाच सर्कलमध्ये पोर्ट व्हायला तीन कामाचे दिवस लागतात. जुन्या सिमवर शिल्लक असलेला बॅलन्स आणि प्लॅनचे दिवस बुडतात, हे ग्राहकाला आधीच सांगा. वर्षभराचा रिचार्ज मारलेला माणूस पोर्ट करून मग भांडायला येतो तो याच कारणाने. कोड ग्राहकाच्या हाताने काढा, त्याच्या समोर. तीनशे रुपयांच्या स्कीमसाठी लोकांचे नंबर इकडून तिकडे फिरवत राहणारा दुकानदार शेवटी दोन्ही कंपन्यांना नकोसा होतो.

कंपनी टिकेल का, हा तुमचा दुसरा प्रश्न. चाळीस हजार बुडाल्यावर तो पडणं स्वाभाविक आहे. बंद पडणारी कंपनी रात्रीत बंद पडत नाही, आधी खुणा दिसतात. एअरसेलने ३० जानेवारी २०१८ ला आपल्या महाराष्ट्रासह सहा सर्कलमधली सेवा थांबवली. रिलायन्स कम्युनिकेशन्सची २जी बोलण्याची सेवा १ डिसेंबर २०१७ ला गेली. खुणा साधारण या क्रमाने येतात: आधी टॉवरचं भाडं थकतं आणि एकेका गावातली रेंज जाते, पुन्हा येतच नाही. मग दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर फोन लागेनासा होतो, कारण कंपन्यांनी एकमेकांना द्यायचे पैसे थकतात. मग डिस्ट्रिब्युटरचे क्लेम, म्हणजे कंपनीकडून येणं असलेले पैसे, तीस दिवसांचे साठ, साठाचे नव्वद दिवस होतात. मग ओळखीचे साहेब नोकरी सोडून जातात आणि त्यांच्या जागी कोणी येत नाही. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली की नवा बॅलन्स घेणं त्याच दिवशी थांबवायचं आणि आहे तो विकून संपवायचा. वाट पाहायची नाही.

आणि कंपनी बंद न पडताही आटू शकते. व्होडाफोन आणि आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ ला एक झाल्या तेव्हा ४० कोटींच्या आसपास ग्राहकांची ती देशातली सगळ्यात मोठी कंपनी होती. आयडियाची मुळं तर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये खोल होती. २४ ऑक्टोबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सरकारी देण्यांचा डोंगर उभा राहिला, ४जीच्या टॉवरांवर खर्च करायला पैसा कमी पडला, आणि २०२५ पर्यंत ग्राहक निम्म्यावर, २० कोटींच्या आत आले. देण्यांच्या बदल्यात शेअर घेतल्यामुळे सरकारकडे तिचा ४८.९९ टक्के हिस्सा आहे. सेवा चालू आहे, ग्राहक आहेत. पण मोठ्या नावाच्या भरवशावर पाच-सहा वर्षांपूर्वी सगळं भांडवल एकाच कंपनीत घातलेल्या डिस्ट्रिब्युटरला काय झालं असेल याचा विचार करा. म्हणून कोणत्याही एका कंपनीत, ती आज कितीही जोरात असो, तुमच्या फिरत्या भांडवलाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ठेवू नका.

तुमच्या दुकानाला कामाची वाढ दुसरीकडे आहे असं आम्हाला वाटतं. घराच्या गच्चीवर यंत्र लावून ५जीवरून घरात वायफाय देणारी सेवा २०२३ पासून एअरटेल आणि जिओ दोघांनीही आणली आहे. मोबाईलचं सिम माणूस सहज बदलतो, गच्चीवर लावलेलं यंत्र सहसा बदलत नाही. तिथे दुसरा, पाचवा, दहावा रिचार्ज येत राहतो. तुमचा हात दुरुस्तीत बसलेला आहे, तुम्हाला वायर ओढता येते, राउटर लावता येतो. कंपनीला तालुक्यात असा माणूस सहज मिळत नाही. यात बॅलन्स अडकवावा लागत नाही, ग्राहक मिळवून दिल्याचे आणि जोडणीचे पैसे मिळतात. मात्र पैसे घेण्याआधी त्या घराच्या गच्चीवर फोन घेऊन चढा आणि ५जी खरंच धरतं का ते पाहा. टॉवरच्या बाजूला झाड किंवा पाण्याची टाकी आडवी असेल तर ग्राहकाला सरळ नाही म्हणा. उन्हाळ्यात चालणारी जोडणी पावसाळ्यात पालवी दाटली की ढेपाळते, आणि शिव्या कंपनी नाही, तुम्ही खाता.

साहेबांना पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय ना? असं द्या. साठ नको, बाजारपेठ आणि राजूर रस्त्यावरची वीस दुकानं घेतो. भांडवल ६०,००० च्या वर नाही, कारण वीस दुकानांना रोज १,५०० प्रमाणे ३०,००० लागतात आणि दोन दिवसांचे साठ होतात. मुलगा ठेवणार नाही, आठवड्यातून तीन दिवस दुपारी स्वतः फिरेन, बाकीचे दिवस बॅलन्स दुकानातूनच पाठवेन आणि वसुली फोनवर घेईन. पहिले तीन महिने टार्गेट नाही. कमिशनाचे दर, क्लेम मिळण्याची मुदत, न विकलेलं सिम परत घेण्याची अट आणि डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, हे डिस्ट्रिब्युटरच्या शिक्क्यानिशी कागदावर. स्कीमचे व्हॉट्सअॅपवर आलेले मेसेज चालणार नाहीत, आणि आलेच तर प्रत्येकाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. या चार गोष्टी लिहून मिळाल्या तर सुरू करा. प्रत्येक नव्या सिमचा नंबर वहीत लिहा आणि समोर २९, ५७ आणि ९१ व्या दिवसाचे रकाने पाडा. चौथ्या महिन्यात पहिल्या महिन्याच्या सिमांपैकी निम्म्याहून जास्त ९१ च्या रकान्यात चालू दिसली तर आणखी वीस दुकानं मागा. नाही दिसली तर बॅलन्स शून्यावर आणा, डिपॉझिट मागून घ्या आणि कागदावर सही-शिक्का घेऊन बाहेर पडा.